यजमान आणि बळी : ‘ड्रॅगन एज’ मालिकेतील आत्मार्पणाचा इतिहास

बलिदानाची कथा ऐकणाऱ्या श्रोत्याला एक अधिकार कधीच नसतो. तो म्हणजे ते बलिदान थांबविण्याचा. नायक मरणार हे त्याला बहुधा ठाऊक असते, त्या मरणाने तो व्याकूळही होतो. पण ही व्याकुळता कथेच्या उंबरठ्याबाहेर बसलेल्याची असते. ॲरिस्टॉटलपासूनची शोकात्मिकेची मीमांसा ह्या असहाय साक्षीभावाला गृहीत धरूनच उभी राहिलेली आहे. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेम ह्या कथाप्रकाराने हे गृहीतकच हलविले. येथे नायकाने मरावे की मरू नये हे श्रोत्याला विचारले जाते, आणि तो ‘नको’ असे म्हणू शकतो. मग ज्या कथेत मरण टाळण्याची वाट उघडी आहे त्या कथेत आत्मार्पणाला काही अर्थ उरतो काय? कॅनडातील बायोवेअर ह्या संस्थेने 2009 ते 2024 ह्या काळात सादर केलेल्या ‘ड्रॅगन एज’ ह्या मालिकेच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्यांनी 1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळण्याचा खेळ प्रसिद्ध केला, आणि कथा सांगणारा व ऐकणारा ह्यांमधील भिंत तेथे प्रथम पातळ झाली. बायोवेअरची स्थापना 1995 मध्ये एडमंटन येथे काही डॉक्टरांनी केली. 1998 च्या ‘बॉल्डर्स गेट’ने तिला नाव मिळवून दिले. मात्र त्या खेळाचे विश्व दुसऱ्याच्या मालकीचे होते. स्वतःच्या मालकीचे विश्व हवे ह्या गरजेतून ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (2009) घडला. डेव्हिड गेडर हे त्याचे प्रमुख लेखक. त्या विश्वाचे ‘थेडास’ हे नाव पुराणातले वाटते. वस्तुतः ‘ड्रॅगन एजची पार्श्वभूमी’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा तो कार्यालयीन संक्षेप आहे. कामचलाऊ नाव कायमचे झाले. पुराणे कशी तयार होतात ह्याविषयी हा तपशील बरेच काही सांगून जातो.

आत्मार्पणाच्या विश्लेषणासाठी मी उबेर आणि मोस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांच्या 1899 च्या यज्ञविषयक निबंधाचा आधार घेतो. हा निबंध मुख्यतः वैदिक आणि हिब्रू संहितांवर आधारलेला असल्यामुळे त्यातील संकल्पना मराठीत आणताना फारसे कष्ट पडत नाहीत. त्या एका अर्थाने घरीच परततात. यज्ञात भूमिका निरनिराळ्या असतात. ज्याला फळ मिळते तो यजमान, कर्म करणारा तो ऋत्विज आणि मारला जातो तो पशू. पशू हे यजमानाचे निष्क्रयण असते, म्हणजे यजमानाने स्वतःऐवजी दिलेले मोल. यज्ञ घडतो, यजमान सुरक्षित राहतो. यजमान आणि बळी ह्यांमधले हे अंतर नाहीसे होते ते फक्त देवाच्या आत्मयज्ञात, असे ह्या दोघांनी सुचविले आहे. ‘ड्रॅगन एज’ ह्या मालिकेचा इतिहास हे अंतर प्रथम मिटविण्याचा आणि नंतर पुन्हा वाढत जाण्याचा इतिहास आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

‘ओरिजिन्स’मधील कथानक वरवर पाहता परिचित आहे. भूगर्भातून डार्कस्पॉन नावाचे भ्रष्ट जीव वर येतात, त्यांचे नेतृत्व आर्चडेमन हा ड्रॅगन करतो आणि त्या आक्रमणाला ‘ब्लाइट’ म्हणतात. अशी चार आक्रमणे होऊन गेली. फेरेल्डन ह्या राज्यात सुरू झालेले पाचवे. त्याचा अंत करू शकणारा एकच पंथ आहे, तो म्हणजे ग्रे वॉर्डनांचा. ह्या पंथाच्या ब्रीदात युद्ध, शांतता आणि मृत्यू अशी तीन पदे येतात आणि मृत्यूच्या पदाशी बलिदान जोडलेले असते. नायक सहा भिन्न कुळकथांपैकी कोणत्याही एकीतून येतो; त्यांतील बहुतेकींमध्ये त्याच्यापुढे मरण, बंदिवास अथवा सर्वनाश उभा असताना डंकन हा वॉर्डन त्याला पंथात ओढून नेतो. पंथाला सक्तीने भरती करण्याचा हक्कच आहे.

दीक्षाविधीचा प्रसंग संपूर्ण मालिकेची किल्ली ठरतो. ऑस्टॅगरच्या उद्ध्वस्त किल्ल्यात तीन उमेदवारांपुढे डार्कस्पॉनच्या रक्ताचा चषक ठेवला जातो. डेव्हेथ पितो आणि मरतो. सर जोरी हा गर्भवती पत्नीला मागे ठेवून आलेला सरदार. तो मागे सरतो, तलवार उपसतो, आणि डंकन त्याला तेथेच ठार करतो. त्यानंतर चषक नायकापुढे येतो. वैदिक कर्मकांडात पशूला मारण्याच्या क्रियेला ‘संज्ञपन’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर ह्याचा अर्थ ‘संमती घेणे’ असा होतो. पशू आपण होऊन आला, त्याने होकार दिला, असे भासविण्यासाठी योजलेला हा शब्द आहे. डंकनचा विधी ह्याच अर्थाने संज्ञपन आहे. जोरीच्या मृत्यूनंतर नायकाने दिलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणता येईल काय? लेखकांनी येथे खेळाडूला नकाराचा पर्याय ठेवलेला नाही. निवडीचे स्वातंत्र्य मिरविणाऱ्या ह्या कथाप्रकारात हा अभाव बोलका आहे. नकाराचे काय होते ते जोरीच्या देहातून दाखविले गेले आहे.

पुढे खेळाडू तीस-चाळीस तास खर्च करतो. मित्र जोडतो, सैन्ये जमवितो, एखाद्यावर प्रेमही करतो. अंतिम युद्धाच्या आदल्या रात्री रेडक्लिफच्या गढीत रिओर्डन हा ज्येष्ठ वॉर्डन एक गोष्ट सांगतो. आर्चडेमन मेला की त्याचा आत्मा जवळच्या डार्कस्पॉनमध्ये शिरतो आणि तो पुन्हा जन्मतो. मारणारा वॉर्डन असेल तर दूषित रक्तामुळे तो आत्मा त्याच्याकडे ओढला जातो. परंतु वॉर्डनला स्वतःचा आत्मा असल्यामुळे दोघेही नष्ट होतात. म्हणजे शेवटचा घाव घालणारा मरणारच. पंथाचे हे गुपित इतका वेळ झाकलेले असते. कथनमीमांसेच्या दृष्टीने ही उशिरा मिळालेली माहिती फार परिणामकारक ठरते, कारण ती पूर्वीच्या सगळ्या संहितेचे वाचन बदलते. आपण यजमान आहोत असे समजून आलेल्याला आपण पशू होतो हे आता कळते.

आणि त्याच रात्री मॉरिगन ही जादूगारीण दार ठोठावते. एका वॉर्डनपासून तिला गर्भ राहिला तर आर्चडेमनमधील प्राचीन देवाचा आत्मा त्या गर्भात शिरेल आणि कोणीच मरणार नाही. आता चार वाटा आहेत. नायकाने मरावे, सहकारी ॲलिस्टरने मरावे, पंथात घेतलेल्या लोघेनने मरावे, किंवा हा विधी करून सर्वांनी जगावे. येथे यजमान आणि पशू एक होण्याची शक्यता निर्माण होते, आणि ती केवळ शक्यता असल्यामुळेच तिला नैतिक मोल येते. टाळता न येणारा मृत्यू ही आपत्ती असते, आत्मार्पण नव्हे. खुली वाट सोडून जो छतावर पाय टाकतो त्याचेच कृत्य ह्या नावाला पात्र ठरते. ह्या कथाप्रकारामुळे बलिदान उथळ होते हा आक्षेप म्हणूनच मला मान्य नाही.

मात्र ह्याच ठिकाणी खेळ आणखी एक सूक्ष्म गोष्ट करतो. नायिका ॲलिस्टरच्या प्रेमात असेल आणि तो अखेरच्या क्षणी तिच्याजवळ असेल, तर तो तिचा निर्णय न जुमानता स्वतः घाव घालतो. खेळाडूच्या हातातून निवड काढून घेतली जाते. अनेक खेळाडूंना ह्याचा राग येतो. पण दुसऱ्याच्या मरणावरही आपलाच अधिकार असावा ह्या यजमानी वृत्तीला बसलेला तो चपराक आहे, हे त्या रागातच दिसते.

चार वाटांपैकी वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत समृद्ध मला लोघेनची वाटते. हा एकेकाळचा मुक्तिसंग्रामातील वीर. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून सेनापती झालेला. गेडर ह्यांची ‘द स्टोलन थ्रोन’ ही कादंबरी खेळाच्या आधी काही महिने प्रसिद्ध झाली आणि तिच्यात त्याचे तारुण्य रंगविलेले आहे. खेळात मात्र तो रणांगणातून सैन्य काढून घेऊन राजाला आणि डंकनला मरू देणारा द्रोही आहे. सरदारसभेत त्याला जीवदान द्यावे तर ॲलिस्टर संतापून निघून जातो. म्हणजे एका शत्रूला बलिदानाची संधी देण्यासाठी मित्र गमवावा लागतो. लोघेन मरतो तेव्हा त्याला जे मिळते त्याला क्षमा म्हणणे सोपे आहे, परंतु संहिता क्षमेविषयी गप्प राहते. ऑस्टॅगरचे मृत परत येत नाहीत. द्रोही आणि वीर ही दोन्ही विशेषणे त्याच्या नावापुढे राहतात आणि खेळाडूला ती एकत्र वागवावी लागतात.

आत्मार्पणाची अडचण पुढे निर्माण झाली ती मालिकेच्या व्यापारी गरजेतून. मार्च 2010 मध्ये ‘अवेकनिंग’ ही पुरवणी आली. ज्याने आपला नायक मरू दिला होता त्याच्यापुढे दोन पर्याय होते : नवा वॉर्डन घ्यावा किंवा तो मेलेलाच पुढे न्यावा. दुसरा पर्याय स्वीकारल्यास खेळ त्याला जिवंत मानून चालू लागतो; स्पष्टीकरण एका शब्दाचेही नाही. अंत्यविधी झालेला मनुष्य कचेरीत हजर होतो. पुनरुत्थानाच्या कथांना निदान चमत्काराची लाज असते. येथे तीही नाही. मॉरिगनच्या विधीचे उत्तरही असेच सैल झाले. 2014 च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये त्या विधीतून जन्मलेला कीरन हा दहा वर्षांचा सुशील मुलगा भेटतो, आणि फ्लेमेथ त्याच्यातील देवाचा आत्मा अलगद काढून घेऊन त्याला आईपाशी सोडून जाते. नकाराची किंमत कोणीच चुकवीत नाही. ह्याचे एक उदार वाचन शक्य आहे : बलिदान अटळ आहे हा पंथाचा दावाच खोटा होता, असे संहिता सुचवीत असावी. ह्या उदार वाचनाला आधार मिळतो तो कथानकात नव्हे, तर मालिकेच्या आख्यायिकांत.

ह्या मालिकेत कथानकाबरोबर ‘कोडेक्स’ नावाचा एक दस्तऐवजसंग्रह वाढत जातो. खेळाडू पुस्तके, शिलालेख, पत्रे, प्रार्थना गोळा करतो. शेकडो नोंदी होतात. प्रत्येक नोंदीला त्या विश्वातील लेखक असतो. ब्रदर जेनिटिव्ही हा चॅन्ट्री ह्या धर्मसंस्थेचा विद्वान त्यांतील सर्वांत लेखनबहाद्दर. बखर वाचताना बखरकाराचा धनी कोण हे जसे विसरून चालत नाही, तसेच येथे. चॅन्ट्रीची कालगणना शंभर-शंभर वर्षांच्या युगांची आहे आणि युगाचे नावही चॅन्ट्रीच ठेवते. इतिहास ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात काळही.

ह्या दस्तऐवजांतून बलिदानांची एक परंपरा दिसते आणि ती फार अस्वस्थ करणारी आहे. धर्माच्या मुळाशी अँड्रास्टे ही स्त्री आहे. पती मेफराथच्या विश्वासघाताने ती शत्रूच्या हाती पडली आणि चितेवर जाळली गेली. ज्या आर्कॉन हेसेरियनने तिला जाळविले त्यानेच दया येऊन तलवारीने तिचा अंत केला, आणि पुढे तोच तिचा अनुयायी झाला. तिच्या बाजूने लढलेला शार्टान हा एल्फ गुलामांचा नेता. त्याचे सूक्त मात्र पुढे अधिकृत धर्मग्रंथातून काढून टाकले गेले. चौथे आक्रमण संपविताना मेलेला गॅराहेलही एल्फच. वीर म्हणून त्याचे नाव राहिले, पण त्याच्या जमातीचे लोक फेरेल्डनच्या शहरांत भिंतीआडच्या वस्त्यांतच राहिले. ‘इन्क्विझिशन’च्या ‘जॉज ऑफ हॅकन’ ह्या 2015 च्या भागात शेवटचा इन्क्विझिटर अमेरिडन ह्याचा शोध लागतो. इतिहासाने त्याला मानव ठरविले होते. प्रत्यक्षात तो एल्फ होता आणि जादूगारही. एका ड्रॅगनला रोखण्यासाठी त्याने स्वतःला त्या ड्रॅगनसह काळात गोठवून घेतले, आणि तो असा खिळून राहिला असताना बाहेर त्याच्या मित्राच्या साम्राज्याने व धर्मसंस्थेने त्याच्याच लोकांची भूमी जिंकली. बलिदान जिवंत असतानाच त्याचे फळ दुसऱ्याने खाल्ले. वरवर पाहता ही केवळ वातावरणनिर्मिती. वस्तुतः ती मालिकेची मुख्य कथा आहे. यजमान कोण हे बळी ठरवीत नाही, इतिहासकार ठरवितो.

ह्या दृष्टीने लियान मर्सिएल ह्यांची ‘लास्ट फ्लाइट’ (2014) ही कादंबरी निर्णायक आहे. वॉर्डन पूर्वी ग्रिफन नावाच्या पंखधारी प्राण्यांवर बसून लढत, आणि ते प्राणी चौथ्या आक्रमणानंतर नामशेष झाले, एवढेच आजवर ठाऊक होते. कादंबरी एका जुन्या दैनंदिनीद्वारा सांगते की गॅराहेलची बहीण इसेया हिने रक्तविद्येने ग्रिफनांवर दीक्षेसारखाच प्रयोग केला. ते अधिक त्वेषाने लढले, युद्ध जिंकले गेले, आणि त्यातून पसरलेल्या रोगाने ती जातच संपली. गॅराहेलच्या उज्ज्वल आत्मार्पणामागे असे संमती न दिलेले, संमती देऊच न शकणारे पशू आहेत. येथे ‘पशू’ हा शब्द मी कोणत्याही लक्षणेशिवाय वापरीत आहे. गुपित पंथाच्या पेटीत चारशे वर्षे राहिले. इसेयाने दडवून ठेवलेल्या काही अंड्यांतून पुन्हा ग्रिफन जन्मतात हा कादंबरीचा शेवट गोड आहे. थोडा जास्तच गोड, असे मला वाटते.

मधल्या काळात कथनाचा स्वरही बदललेला होता. 2011 च्या ‘ड्रॅगन एज 2’ मध्ये सारी कथा व्हॅरिक टेथ्रस हा लेखक असलेला बुटका गृहस्थ चौकशी करणाऱ्या कॅसांड्राला सांगतो. आरंभीची लढाई तो इतकी फुगवून सांगतो की ती त्याला थांबविते आणि प्रसंग पुन्हा, खरेपणाने, घडवावा लागतो. निवेदक अविश्वसनीय आहे हे खेळाडूला स्वतः तलवार चालवून कळते; कादंबरीला ही सोय नाही. ह्या खेळात बलिदानाचा एक लहानसा प्रसंग आहे. ब्लाइटपासून पळताना नायक हॉकचे एक भावंड मरते. हॉक जादूगार असेल तर बहीण बेथनी, नसेल तर भाऊ कार्व्हर. म्हणजे ज्या क्षणी खेळाडूने नायकाचा पेशा निवडला त्याच क्षणी त्याने कोण मरणार हे ठरविले. त्याला पत्ता नव्हता इतकेच. ‘ओरिजिन्स’मधील डोळसपणे केलेली निवड येथे आंधळी झाली. खेळाडू यजमानाच्या आसनावर सरकला, तोही नकळत.

‘इन्क्विझिशन’ने हे अंतर उघडे केले. कोरीफियस हा खलपुरुष वॉर्डनांच्या मनात मृत्यूची खोटी हाक उत्पन्न करतो. आपण सारे मेलो तर पुढच्या आक्रमणाला कोण अडविणार, ह्या भीतीने सेनाप्रमुख क्लॅरेल अडॅमंटच्या किल्ल्यात एक योजना राबविते : वॉर्डनांनी वॉर्डनांनाच कापायचे, त्या रक्ताने पिशाचांची सेना उभारायची आणि उरलेल्या प्राचीन देवांना झोपेतच मारायचे. ऑस्टॅगरचा चषक येथे आपल्या तार्किक टोकाला पोहोचतो. जोरीला मारणारा डंकन वाईट मनुष्य नव्हता, क्लॅरेलही नाही. बलिदान हे ज्या संस्थेचे ब्रीद असते ती संस्था बळी मोजण्याचे केव्हा थांबविते ह्याचे इतके स्पष्ट चित्रण ह्या प्रकारातील दुसऱ्या कृतीत मला आढळलेले नाही. पण ह्याच प्रकरणाच्या शेवटी, फेड ह्या स्वप्नलोकातून निसटताना, एकाने मागे राहून राक्षसाला अडवायचे असते : हॉक किंवा एक वॉर्डन. दोघेही तयार आहेत. निर्णय नव्या नायकाचा, म्हणजे खेळाडूचा. आणि त्याला स्वतःला मागे राहण्याचा पर्यायच नाही. 2009 मध्ये जो छतावर स्वतः जाऊ शकत होता तो 2014 मध्ये केवळ बोट दाखवू शकतो.

त्या वर्षी ‘ड्रॅगन एज कीप’ ह्या नावाची एक सोय निघाली होती. पूर्वीच्या खेळांतील शेकडो निर्णय तेथे नोंदवून पुढे नेता येत. ती एक प्रकारची खाजगी बखर होती. 31 ऑक्टोबर 2024 रोजी आलेल्या ‘द व्हेलगार्ड’ने ती वापरली नाही. आधीच्या साऱ्या इतिहासातून त्याने तीनच प्रश्न विचारले, आणि तिन्ही ‘इन्क्विझिशन’विषयीचे : त्या नायकाचे प्रेम कोणावर, त्याने संघटना ठेवली की मोडली, सोलसविषयी त्याने काय शपथ घेतली. पाचवे आक्रमण कोणाच्या मरणाने संपले, स्वप्नलोकात कोणाला मागे ठेवले, हे विचारलेच नाही. ज्या मालिकेच्या आख्यायिकांनी बळींची नावे पुसणाऱ्या धर्मसंस्थेवर पंधरा वर्षे बोट ठेवले, तिनेच आपल्या वाचकाच्या बळींची नोंद ठेवण्यास नकार दिला. तांत्रिक कारणे सांगता येतील आणि ती खरीही असतील. चॅन्ट्रीपाशीही कारणे होतीच.

त्याच खेळात व्हॅरिक सल्लागार म्हणून नायकाशी सतत बोलत असतो. अखेरीस उलगडते की प्रारंभीच्याच झटापटीत सोलसच्या हातून तो मेला होता. निवेदक मृत, आणि आपण ऐकत होतो. व्हॅरिक हे पात्र लिहिणाऱ्या मेरी कर्बी ह्या ऑगस्ट 2023 मध्ये बायोवेअरने कमी केलेल्या सुमारे पन्नास जणांपैकी एक होत्या, हे ठाऊक असलेल्याला तो उलगडा वेगळाच वाटतो. शेवटच्या चढाईत दुसऱ्या तुकडीचे नेतृत्व डाव्हरिन ह्या वॉर्डनकडे द्यावे की लेस हार्डिंगकडे, असा साधा प्रश्न खेळाडूला विचारला जातो. ज्याचे नाव घ्यावे तो मरतो. हे आधी सांगितले जात नाही. डाव्हरिनचे नाव घेतले तर त्याने पिलापासून वाढविलेला असान हा ग्रिफनही त्याच्याबरोबर जातो. इसेयाने लपविलेल्या अंड्यांतून जी जात परतली होती, तिच्यापैकीच तो एक.